मदत हवी आहे : दाजीचं लायसन सस्पेंड व्हायलंय, अपील कुठं करायची?

नमस्कार मंडळी, माझे दाजी ट्रक चालवतात, गाव केज तालुक्यात. परवा ऊसतोडीची टोळी घेऊन निघाले होते, खाली भांडी, सरपण, कोयते अन् वर बायालेकरं, नेहमीसारखंच. रस्त्यात गाडी आडवली, मालाच्या गाडीत माणसं बसवली म्हणून दंड तर लावलाच पण लायसन पण काढून घेतलं, आता आरटीओची नोटीस आलीय की 3 महिने लायसन निलंबित का करू नये ते सांगा.

मी जरा वाचलं. मोटार वाहन कायदा 1988 कलम 19 मध्ये हे येतंय, अन् 2015 पासून सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं ओव्हरलोड, मोबाईल, सिग्नल तोडणं, दारू, मालाच्या गाडीत माणसं ह्या सगळ्याला कमीत कमी 3 महिने सांगितलेत. म्हणजे सुटका अवघडच दिसायलीय. पण आदेश द्यायच्या आधी म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं अन् आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसात अपील करता येते, एवढं कळलं.

आता विचारायचं हे, सुनावणीला दाजीनं स्वतःच जावं का वकील लागतोच? अपील नेमकी कोणाकडं टाकायची? अन् निलंबन फक्त ट्रकपुरतं मागता येतं का, मोटारसायकल तरी चालवता यावी, कलमात 'सर्व किंवा काही प्रकारची वाहनं' असं हाय म्हणून विचारतो. मुकादमाची (टोळी ठरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर हाय, तो म्हणतो टोळी बसवा असं मी लिहून थोडंच दिलं होतं! कोणी ह्यातून गेलं असल तर सांगा, एजंटचे नंबर नका देऊ.