लिलावात अ‍ॅन्सोनियाचे घड्याळ घेताना

प्रश्न: मुंबईतील एका लिलावात अ‍ॅन्सोनिया कंपनीचे लंबकाचे घड्याळ येत आहे. जुन्या पेटीत दुसरेच यंत्र बसवलेले नाही, हे बोलीपूर्वी कसे ओळखावे?

उत्तर १: पाहणीच्या दिवशी तबकडी उतरवून दाखवण्याची विनंती अवश्य करावी, यंत्राच्या पत्र्यावर कंपनीचा ठसा नसेल आणि पेटीच्या मागच्या फळीवर स्क्रूची जुनी, रिकामी भोके दिसत असतील, तर यंत्र बदललेले असण्याची शक्यता दाट असते. न्यूयॉर्कच्या या कंपनीची यंत्रसामग्री १९२९ मध्ये सोव्हिएत संघाला विकली गेली, त्यामुळे मूळ सुटे भाग जपलेले घड्याळ मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २: हातोडा पडतो ती, म्हणजे शेवटच्या बोलीची, रक्कम अंतिम नसते, तीवर लिलावगृहाचे कमिशन आणि कर चढतात. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताच्या १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार पुरावस्तू ठरल्यास ती खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही.