घरपट्टीची आकारणी: अधीक्षकाने वसुलीचा आकडा बघावा की स्वतः टेप धरावी?

निवृत्त कर अधीक्षक:
जानेवारी उजाडला की महापालिकेच्या कर विभागात प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न असतो: आज वसुली किती? 31 मार्चपर्यंत जप्तीच्या नोटिसा, नळ तोडणं, थकबाकीदाराच्या दारात बँड, सगळं त्या एका आकड्यासाठी. मुळात आकारणी, म्हणजे कोणत्या मालमत्तेला किती कर हे ठरवणं, बरोबर झाली आहे का, हे वर्षभरात कोणी विचारत नाही. आकारणी करणाऱ्या कर्मचाऱ्यावर देखरेख होतच नाही, होते ती फक्त वसुलीवर, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या रकमेवर घरपट्टी लागते ते करयोग्य मूल्य कसं ठरतं बघा. मालमत्तेला वर्षाला जे भाडं येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. ते भाडं कशावरून? क्षेत्रफळ किती, बांधकाम आरसीसी की पत्र्याचं, किती जुनं, वापर निवासी की व्यापारी, मालक राहतो की भाडेकरू. या सगळ्या नोंदी बहुतेक ठिकाणी एकच माणूस जागेवर जाऊन करतो आणि पुढे वसुलीलाही तोच जातो. रजिस्टरला ‘पार्किंग’ आणि जागेवर दुकान, हे प्रत्येक शहरात दिसतं. उलटही घडतं. एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरावर ‘भाडेकरू’ असा शेरा पडतो, कर वाढतो आणि त्या पालिकेचे जिने चढत राहतात.

म्हणून मोजणारा आणि वसूल करणारा वेगळा हवा. महिन्याभरातल्या नव्या आकारण्यांमधून चिठ्ठ्या टाकून काही काढाव्यात आणि अधीक्षकाने स्वतः जाऊन फेरमोजणी करावी. फरक निघाला तर कारण लिहून रजिस्टरला सही. आणि दर तीन वर्षांनी लिपिकाचा प्रभाग बदलावा.

प्रभागातला लिपिक:
सर, तुमचा मान राखून सांगतो, मला यातलं अर्धंही पटलेलं नाही. मोजणारा वेगळा, वसूल करणारा वेगळा, एवढी माणसं आणायची कुठून? मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. आहेत त्यांच्यातले निम्मे मतदार यादीच्या आणि निवडणुकीच्या कामाला. त्यात लोकसेवा हक्क कायदा, 2015 आल्यापासून नव्या आकारणीला मुदत आहे. ती चुकली की अर्जदार अपिलात जातो आणि नोटीस आम्हाला येते. मग भोगवटा प्रमाणपत्रावरचं क्षेत्रफळ उचलून रजिस्टरला चढवलं जातं. त्यात लबाडी नसते, फिरायला वेळच नसतो.

प्रभाग बदलायची सूचना तर नुकसानीची आहे. गावठाणातल्या जुन्या वाड्याला एक मालमत्ता क्रमांक, आत चार भाऊ, दोन भाडेकरू आणि कोर्टात वाटणीचा दावा. हे समजायलाच वर्ष जातं. नवा माणूस आला की तेवढंच ज्ञान शून्यावर येतं.

आणि देखरेख म्हणजे फक्त आमच्यावर नजर का? गोदामाचं माप घ्यायला गेलो की टेप उलगडायच्या आत कोणाचा तरी दबावाचा फोन वाजतो. त्या वेळी वरिष्ठाने ‘तू माप घे, फोन मी बघतो’ म्हणावं. एवढं मिळालं तरी बरीच आकारणी सरळ होईल.

नकाशावाली:
दोघंही माणसावर का अडलाय? ड्रोनने किंवा उपग्रहाच्या छायाचित्रावरून प्रत्येक इमारतीची बाह्यरेषा मिळते. ती रजिस्टरमधल्या क्षेत्रफळाशी जुळवली की तफावत असलेल्या मालमत्ता आपोआप वर येतात. मुंबईत 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर, कर आहे. भाडं किती येईल हा अंदाजच तिथे गेला, रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाने जाहीर केलेला मालमत्तेचा दर आला. लिपिकाच्या हातातला निर्णय कमी करा, मग त्याच्यावर पहारा ठेवावा लागणार नाही.

निवृत्त कर अधीक्षक:
ताई, ड्रोनला छप्पर दिसतं. छपराखाली क्लास चालतो की कुटुंब राहतं, पोटमाळा आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. मुंबईतही रेडी रेकनरच्या दराला वापर, बांधकामाचा प्रकार, वय आणि मजल्याचे गुणक लागतात. ‘वापर’ हा रकाना शेवटी माणूसच भरतो. बेकायदा बांधकामाचंच घ्या. महापालिका अधिनियमाच्या कलम 267अ नुसार शास्ती, म्हणजे दंड, लागू शकतो. बरीच वर्षं तो कराच्या दुप्पट होता, म्हणजे ‘परवानगी नाही’ या एका शेऱ्याने बिल तिप्पट व्हायचं. असा शेरा दुसऱ्या कोणी न तपासता कायम होतो, हे मला मान्य नाही.

पुण्याची करदाती:
मला अधीक्षकाची टेपही पुरेशी वाटत नाही, कारण तपासणी घरातल्या घरातच राहते. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना 40 टक्के सवलत 1970 पासून होती. 2019 पासून नव्या आकारणीला ती थांबली, 2023 मध्ये शासनाने परत दिली. पण ती मिळवायला पीटी 3 हा स्वतः राहत असल्याचा अर्ज, पुरावे आणि रांग हे सगळं नागरिकाच्या वाट्याला आलं. घरात कोण राहतं याची खात्रीशीर नोंद पालिकेकडे असती तर ही वेळ आली असती का?

माझी मागणी अशी: बिलावर फक्त रक्कम नको, सगळे रकाने छापा. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचं वर्ष, दर, आणि मोजणी कोणत्या तारखेला झाली. शेजारच्या सदनिकेला वेगळा दर का, हे सोसायटीतच कळेल. हरकतीच्या सुनावणीत मोजणाऱ्या लिपिकानेच निकालाची टिप्पणी लिहू नये. पुढे कोर्टात अपील आहे खरं, पण वादातली रक्कम आधी भरावी लागते. पेन्शनवर जगणारा माणूस तिथवर पोचत नाही. त्याचा न्याय प्रभाग कार्यालयातच व्हायला हवा.

प्रभागातला लिपिक:
रकाने छापायला माझा पूर्ण पाठिंबा. त्याने आमचंही संरक्षण होतं. सगळं समोर असलं की ‘जरा कमी लावा’ म्हणणाऱ्याला दाखवायला कागद असतो. टिप्पणी दुसऱ्याने लिहायलाही हरकत नाही. पण प्रभाग बदलाला विरोध कायम.

निवृत्त कर अधीक्षक:
रकाने छापावेत, मीही सहमत. मात्र ज्याच्या दुकानाला ‘पार्किंग’ लावलंय तो बिल बघून तक्रार करायला येणार नाही, आणि सोसायटीतले शेजारी त्याच्याशी वैर घेणार नाहीत. तिथे वरिष्ठालाच जावं लागतं. प्रभागाची माहिती एका माणसाच्या डोक्यात असणं हाच मला धोका वाटतो. वाड्याचा वाद, वारस, भाडेकरू हे सगळं मालमत्तेच्या फाइलमध्ये लिहिलेलं हवं. ते लिहून घेणं हे अधीक्षकाचं काम आहे आणि बदलीच्या आधी ते झालंय का, हे उपायुक्तांनी तपासावं.

प्रभागातला लिपिक:
मग फेरमोजणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठेवा, मार्चमध्ये नको. त्या दोन महिन्यांत वसुलीचं उद्दिष्ट विचारू नका. आणि फरकाचा कागद मेमो म्हणून देण्याआधी मला एकदा जागेवर सोबत न्या, कारण माझ्या मोजणीनंतर मालकाने वर मजला चढवलेला असू शकतो.