ग्वांगझू ते शांघाय: विमान बरं की रेल्वे? मामांना घेऊन जायचंय

उद्यमबागचा भाचा
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं मशीन शॉप आहे, मामा आणि मी बघतो. एप्रिलमध्ये दोघं चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला, चाललोय. मशिनरीचा पहिला टप्पा 15 ते 19. तिथनं 20 ला शांघायला एक सीएनसी (संगणकावर चालणारं) लेथ बघायचं आहे. कारखाना सोंगजियांग भागात, वेळ दुपारी 2 ची. नक्की अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो? मामा 63 वर्षांचे, डावा गुडघा गेलाय. बेंगळूरच्या रात्रीच्या बसमधनं उतरले की दहा मिनिटं खांबाला धरून उभे राहतात. त्यांचे हाल होऊ नयेत, एवढंच मला बघायचंय.

खानापूरचा फौंड्रीवाला
हवाई अंतर साधारण 1,200 किमी, म्हणजे बेळगाव-बेंगळूर रस्त्याच्या दुपटीहून जास्त. विमान सव्वादोन-अडीच तासांत पोचवतं.

पण भाऊ, तिकीट काढताना विमानतळ बघा. शांघायला दोन आहेत. होंगचियाओ पश्चिमेला, पुदोंग पार पूर्वेला समुद्राकडं. सोंगजियांग नैऋत्येला, तेव्हा होंगचियाओचंच काढा. 2018 ला परतताना माझं तिकीट पुदोंगचं होतं आणि मी टॅक्सीवाल्याला होंगचियाओ सांगून बसलो. काउंटरवरची मुलगी तिकिटावरच्या एकाच शब्दावर बोट ठेवून मान हलवत होती, मला उमगायलाच वेळ लागला. मेट्रोच्या 2 नंबर लाइननं अख्खं शहर आडवं पार केलं, तोवर विमान गेलं. रात्र बाकावर काढली, नमुन्यांची पेटी उशाला घेऊन. डिसेंबर 2024 पासून दोन्ही विमानतळ जोडणारी वेगळी रेल्वे झालीय, चाळीसएक मिनिटांची. तरी गुडघेदुखीच्या माणसाला ती धावपळ नकोच. विमानतळाचं नाव चिनी अक्षरांत कागदावर लिहून खिशात ठेवा.

निपाणीची सून
मी दोन वर्षं ग्वांगझूत राहिलेय. एप्रिलपासून तिथं वळवासारखा गडगडाटी पाऊस सुरू होतो आणि विमानं तासन्‌तास अडकतात. त्याच दिवशी जाऊन 2 ची वेळ गाठायचा भरवसा धरू नका, आदल्या दिवशीच निघा.

रेल्वेही चांगली आहे हो दादा. ग्वांगझू दक्षिण स्टेशनपासून शांघाय होंगचियाओ, सात-आठ तास. ते स्टेशन विमानतळाला लागूनच आहे. डब्यात उठून चार पावलं चालता येतं, गुडघा आखडत नाही. माझ्या सासऱ्यांना मी रेल्वेनंच नेलं होतं, वाटेत भाकरी-शेंगाचटणी खाऊन ते निवांत झोपले. चढताना पासपोर्ट हातात ठेवा.

आणि विमानानंच गेलात तर पॉवर बँक तपासा. 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानात 3सी शिक्का (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) नसलेली चालत नाही. आपल्याकडच्या बऱ्याचशांवर तो नसतो.

उद्यमबागचा भाचा
वहिनी, रेल्वेचं मामांना लगेच पटलं. 19 ला सकाळी निघतो, रात्री होंगचियाओजवळच मुक्काम करतो. फौंड्रीवाले काका, पंप हाउसिंगची दोन कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) बरोबर आहेत, साडेचार-साडेचार किलोची. स्टेशनवर अडवतील का?

खानापूरचा फौंड्रीवाला
स्टेशनवरही सामान मशीनमधनं जातं. माझी पेटी उघडायला लावली होती, गंजू नये म्हणून लावलेल्या तेलाचा वास येत होता. तेल पुसून काढा, कास्टिंग कोरडी करून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ड्रॉइंगची प्रत पेटीत सगळ्यात वर ठेवा. ड्रॉइंग दाखवलं तसं मला दोन मिनिटांत सोडलं.