नव्याने जोडलेला संगणक दर वेळी वेगळी चूक दाखवून बंद पडतो; तपासणी कोठून सुरू करावी?

प्रश्न

नमस्कार. सुटे भाग आणून घरी संगणक जोडण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटचा ७००० मालिकेतील आठ कोअरांचा प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या चार पट्ट्या (दोन-दोनचे दोन वेगळे संच), एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क), स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि ८५० वॉटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) अशी जुळणी आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम तिच्या खोक्यावरील वेगाने चालवण्याची सोय, चालू करून रॅमचा वेग ६००० एमटी/सेकंद केला, विंडोज ११ बसवली आणि दुसऱ्याच दिवसापासून विंडोज कोसळल्याचा निळा पडदा दिसू लागला.

पडद्यावरचे कारण दर वेळी निराळे असते. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तर एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येतो. पेनड्राइव्हवरची तीच फाइल जुन्या लॅपटॉपवर मात्र व्यवस्थित उघडते. याखेरीज कधी कधी निळा पडदासुद्धा न दिसता संगणक थेट पुन्हा सुरू होतो, आणि हे बहुधा मी काहीच करत नसताना घडते. उलट दोन-दोन तास गेम खेळूनही काही बिघडले नाही असेही झाले आहे.

विंडोज आतापर्यंत दोनदा पुसून पुन्हा बसवली. दुसऱ्या वेळी तर आवश्यक फाइली वाचता येत नसल्याचे सांगून ती प्रक्रिया मध्येच थांबली व नंतरच्या प्रयत्नात पूर्ण झाली. सर्व ड्रायव्हर नवे आहेत आणि प्रोसेसरचे तापमान पूर्ण भारावरही ८५ अंशांपुढे जात नाही. मला एसएसडी सदोष असल्याचा संशय आहे. ती बदलून घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

एसएसडी परत करण्याची घाई करू नये. आपण दिलेल्या तपशिलात सर्वांत बोलका भाग झिप फाइलीचा आहे. फाइल पेनड्राइव्हवर धड आहे, दुसऱ्या यंत्रावर उघडते, म्हणजे ती वाचल्यानंतर रॅममध्ये असताना किंवा प्रोसेसरमधून जाताना तिच्यातला एखादा बिट बदलत असला पाहिजे. झिपमध्ये प्रत्येक फाइलीबरोबर तपासणीची बेरीज साठवलेली असते, म्हणून तेथे चूक लगेच उघडकीस येते. छायाचित्रात किंवा विंडोजच्या एखाद्या फाइलीत तसाच बिट बदलला तर ते त्या क्षणी कोणालाच कळत नाही. विंडोज बसवतानाची प्रक्रियाही अशीच दबलेल्या फाइली उलगडत जाते, त्यामुळे ती मध्येच थांबणे हे त्याच दोषाचे दुसरे रूप आहे.

दुसरी खूण म्हणजे बदलती कारणे. एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर निळा पडदा सहसा तेच नाव पुन्हा पुन्हा दाखवतो. दर वेळी नवे नाव दिसते, तेव्हा त्या नावांचा अर्थ शोधत बसण्यापेक्षा सर्वांच्या खाली असलेला समान थर तपासावा, आणि तो बहुतेक वेळा रॅमचा असतो.

आपल्या बाबतीत तर कारण आकड्यांतच दिसते आहे. या मालिकेच्या प्रोसेसरांसाठी दोन पट्ट्या असताना ५२०० आणि चार पट्ट्या असताना फक्त ३६०० इतका अधिकृत वेग दिलेला आहे. एक्स्पोमधील ६००० हा त्यापुढचा, म्हणजे ओव्हरक्लॉकचाच (अधिकृत मर्यादेपलीकडे चालवण्याचा) प्रकार होय. शिवाय खोक्यावरचा वेग त्या एका संचापुरता तपासलेला असतो. एकाच नावाचे दोन संच एकत्र बसवले की ती हमी उरत नाही. चारही खाचा भरल्या की मेमरी कंट्रोलरवरचा (प्रोसेसरमधील रॅम सांभाळणाऱ्या भागावरचा) भार किती वाढतो, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

क्रम असा ठेवावा. प्रथम एक्स्पो बंद करावे. बायोस बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ रॅमचे ‘ट्रेनिंग’ (रॅमशी जुळवून घेण्याची प्रक्रिया) चालते आणि काही मिनिटे पडदा काळाच राहतो. तेवढ्यात घाबरून वीज बंद करू नये. मग मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवावा. ६४ जीबीची एक फेरी पूर्ण होण्यास काही तास लागू शकतात, म्हणून ती रात्री लावून ठेवणे सोयीचे. एक जरी चूक दिसली तरी ती दोषाचा पुरावा मानावी. चूक न दिसणे हा मात्र निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. त्यानंतर हीच चाचणी एक्स्पो चालू ठेवून, आणि शेवटी एकाच संचाच्या दोन पट्ट्यांवर करावी. त्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. खात्रीसाठी मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृती पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर कशाने गुण आला ते समजत नाही.

आणि तोपर्यंत कृपया विंडोज तिसऱ्यांदा बसवू नये.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटते, पण निळा पडदा न येता थेट पुन्हा सुरू होण्याचा प्रकार त्यात बसत नाही. ते लक्षण पाहिले की मी आधी एसएमपीएस आणि त्याच्या तारांकडे वळतो. ग्राफिक्स कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या लागत असतील आणि आपण एकाच तारेची दोन तोंडे लावली असतील, तर दोन स्वतंत्र तारा वापराव्यात. अशा एका जोडणीची मर्यादा १५० वॉट धरलेली आहे, आणि कार्डाची मागणी क्षणभर त्याच्या सरासरीच्या बरीच वर उसळते. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातील प्रोसेसरची वीजजोडणी खट्ट आवाज येईपर्यंत बसली आहे का, तेही पाहावे. मुख्य म्हणजे, दुसऱ्या एसएमपीएसच्या उरलेल्या तारा यात वापरलेल्या नसाव्यात. टोके सारखी दिसली तरी एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि त्यात भाग जळू शकतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. तीन रात्री चाचण्या केल्या, त्यांचा निष्कर्ष लिहितो. एक्स्पो चालू असताना चार पट्ट्यांवर पहिल्याच फेरीत शेकडो चुका आल्या. एक्स्पो बंद केल्यावर वेग आपोआप ३६०० झाला आणि चार फेऱ्यांत एकही चूक आली नाही. दोन्ही संच एकेकटे लावून ६००० वर तपासले, तेव्हाही चुका नाहीत. म्हणजे पट्ट्या चांगल्या आहेत, चौघींचा एकत्र संसार तेवढा जमत नाही. आता दोनच पट्ट्यांवर काम चालू आहे. झिप फाइली उघडतात आणि निळा पडदा एकदाही दिसलेला नाही.

तारा मुळातच स्वतंत्र होत्या आणि सर्व एसएमपीएसबरोबर आलेल्याच आहेत. तरी पुन्हा काढून बसवल्या. पण थेट पुन्हा सुरू होण्याचा प्रकार थांबलेला नाही. काल मी चहा करायला उठलो होतो. परत आलो तर समोर लॉगिनचा पडदा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद आहे. यावरून एसएमपीएसच दोषी ठरतो का?

प्रतिसाद ३

त्या नोंदीच्या नावात ‘पॉवर’ असल्याने अनेकांची दिशाभूल होते. ४१ क्रमांकाची नोंद इतकेच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. कारण ती सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्याच्या कारणाचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला निळा पडदा नोंदवण्याइतकाही अवधी मिळाला नाही, एवढाच बोध घ्यावा.

मला येथे वेळेचे गणित महत्त्वाचे वाटते. एसएमपीएस अपुरा किंवा अशक्त असेल तर तो सहसा भार चढताना हात टेकतो, आणि आपला संगणक गेमच्या भाराखाली टिकून रिकामा बसलेला असताना पडतो. हे लक्षण प्रोसेसरचा व्होल्टेज गरजेपेक्षा कमी असल्याचे असू शकते. सर्व कोअर कामात असताना त्यांची गती मर्यादित राहते; एखादाच कोअर क्षणभर जागा होतो तेव्हा तो सर्वाधिक गतीकडे झेपावतो, आणि व्होल्टेज तोकडा असेल तर तेथेच अडखळतो.

दोन गोष्टी कळवाव्यात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच मिनिटाच्या आसपास ‘व्हिया-लॉगर’ची (हार्डवेअरमधील चुका नोंदवणाऱ्या विंडोजच्या भागाची) १८ क्रमांकाची नोंद आहे का आणि तिच्यात ‘एपीआयसी आयडी’, म्हणजे चूक प्रोसेसरच्या कोणत्या भागात झाली ते सांगणारा क्रमांक, कोणता आहे? तसेच बायोसमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ (कोअरांचा व्होल्टेज कमी-जास्त करणारी सोय) किंवा त्यासारखी एखादी सोय आपण बदलली आहे का?

प्रश्नकर्ता

कबूल करायला संकोच वाटतो, पण बदलली होती. तापमान कमी राहावे म्हणून एका चित्रफितीत पाहून सर्व कोअरांना उणे ३० हे मूल्य दिले होते. व्होल्टेज कमी करणे म्हणजे ओव्हरक्लॉक नव्हे, अशा समजुतीने मूळ प्रश्नात तसे लिहिले नाही. नोंद क्रमांक १८ एकूण पाच वेळा सापडली; त्यांपैकी चार वेळा आयडी ६ आणि एकदा ७ आहे, आणि प्रकार ‘कॅश हायरार्की एरर’ असा दिसतो.

प्रतिसाद ३

मग गाठ सुटली असे धरायला हरकत नाही. या प्रोसेसरात प्रत्येक कोअरला दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आणि प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र आयडी असल्याने आयडीला २ ने भागले की कोअरचा क्रमांक मिळतो. ६ आणि ७ हे दोन्ही शून्यापासून मोजता क्रमांक ३ च्या कोअरचे आहेत. उणे ३० हे मूल्य एखादा प्रोसेसर पेलतो, एखादा नाही, आणि एकाच प्रोसेसरातले कोअरही सारखे नसतात. आधी ही सोय पूर्ण बंद करून आठवडाभर संगणक वापरावा. शांतता राहिली आणि तरीही तापमान कमी करण्याची हौस असली, तर उणे १० पासून सुरुवात करून कोअरसायक्लर या प्रोग्रामने एकेक कोअर स्वतंत्रपणे तपासावा. सर्व कोअरांवर एकदम भार टाकणाऱ्या चाचण्यांत हा दोष बहुधा लपून राहतो, आपल्या गेममध्ये राहिला तसाच.

प्रश्नकर्ता

सोय बंद करून आज नववा दिवस आहे. एकदाही संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला नाही आणि १८ क्रमांकाची नवी नोंद नाही. ६००० वेगाच्या दोन पट्ट्या ठेवून उरलेला संच काढून टाकला आहे. आता विंडोज आहे तशीच वापरावी की पुन्हा बसवावी?

प्रतिसाद १

आता मात्र अवश्य पुन्हा बसवावी. सध्याची विंडोज रॅम चुकत असतानाच डिस्कवर उतरलेली आहे. ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा विंडोजच्या संरक्षित फाइली दुरुस्त करते, पण इतर प्रोग्रामांच्या आणि आपल्या स्वतःच्या फाइलींना ती हात लावत नाही. बसवण्यासाठीचा पेनड्राइव्ह याच संगणकावर तयार केला असल्यास तोही जुन्या लॅपटॉपवर नव्याने करावा. डिस्क पुसण्यापूर्वी एवढे पाहावे की त्या आठवड्यांत लॅपटॉपवरून इकडे आणलेली छायाचित्रे व कागदपत्रे लॅपटॉपवर अजून आहेत का. असतील तर तीच मूळ प्रत समजून नव्याने आणावीत, आणि फक्त या संगणकावरच असलेली प्रत्येक फाइल एकदा उघडून पाहावी.