मदत हवी आहे: आजोबांच्या चित्रसंग्रहाची कागदपत्रे
नमस्कार. माझे आजोबा नगरपालिकेचे सदस्य होते आणि राजा रविवर्मा यांच्या १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या व पुढे मळवलीला हललेल्या छापखान्यातील शिळाछाप चित्रे जमवून ती शाळांना, वाचनालयांना भेट देत असत. चित्रांची व्यवस्था लागली. प्रश्न आहे तो त्यांच्या पत्रांचा, पावत्यांचा आणि गावाच्या पाणीपुरवठ्यावरील टिपणांचा. एका पावतीमागे त्यांनी पेन्सिलीने ‘सरस्वती, कडा कापलेल्या, वाचनालयासाठी’ असे लिहिले आहे. म्हणूनच हे कागद विषयवार वेगळे करणे मला चुकीचे वाटते. टाचण्यांच्या गंजाचे डाग मात्र पसरत आहेत. त्या काढताना मूळ क्रम कसा नोंदवावा आणि असा संग्रह न फोडता अभ्यासकांसाठी खुला ठेवणारी संस्था कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.