विषय: डिस्लेक्सिया निघाला, घरात मराठी बंद करायचं का?

नमस्कार मंडळी,

जरा खाजगी आहे, पण यातून कुणीतरी गेलं असेल म्हणून लिहितेय. मुलगा आठ वर्षांचा. गोष्ट ऐकायला बसला की हलत नाही, महिन्याने जशीच्या तशी सांगतो. वाचायला दिलं की मात्र चित्र बघून ठोकून देतो. समोर 'पोनी' लिहिलेलं असतं, हा खुशाल 'हॉर्स' म्हणतो. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. आता जवळचे सांगताहेत की दोन भाषांनी गोंधळ होतोय, मराठी बंद करा. मला तर मराठीशिवाय धड रागावताही येत नाही! रोज संध्याकाळी तासभर वाचायला बसवते, शेवटी दोघंही रडतो.

– एक आई

--------

पुन्हा: डिस्लेक्सिया निघाला

ताई,

मराठी अजिबात बंद करू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. तो बहुधा घराण्यातून येतो. आमच्याकडे मुलीचं निदान झालं तेव्हा मला माझं स्वतःचं शाळेतलं अडखळणं आठवलं. आणि ज्या भाषेत तो गोष्टी ऐकतो, प्रश्न विचारतो, तीच काढून घेतली तर उरलं काय?

तासभराचं बसणं मात्र आजच थांबवा. पंधरा मिनिटं, पण रोज. आणि त्यातली पहिली पाच पुस्तकाशिवाय.

अडचण डोळ्यांत नसते, शब्दातले आवाज सुटे करण्यात असते. 'कमळ'मधून 'क' काढ म्हटलं की मुलं पटकन 'मळ' म्हणतात, कारण आपलं अक्षर म्हणजे आख्खा तुकडा. 'क्लॅप'मधला 'ल' काढून 'कॅप' म्हणायला सांगा, तिथे गाडी अडते. म्हणून बटणं घ्या. कागदावर ओळीने चौकोन काढा आणि प्रत्येक आवाजाला एक बटण पुढे सरकवायचं. 'शिप'ला इंग्रजी अक्षरं चार, पण बटणं तीन. (एल्कोनिन नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाची ही युक्ती.) आवाज जमले की त्याच चौकोनांत अक्षरं लिहायची, तोंडाने आवाज काढत.

'चित्र बघून ओळख' हे वाक्य घरातून हद्दपार करा. अंदाज ठोकायची सवय आपणच लावतो. चित्र झाका, शब्दावर बोट ठेवा, डावीकडून एकेक आवाज जोडू द्या. पुस्तकंही अशी हवीत की त्यात शिकवून झालेल्याच अक्षरजोड्या येतील. त्यांना 'डिकोडेबल' म्हणतात. भाषा बाळबोध असते, मोठ्यांना कंटाळा येतो, येऊ दे. चुकला तर 'नीट बघ' म्हणू नका. बघतोच आहे तो. चुकलेला आवाज तुम्ही म्हणा आणि शब्द पुन्हा पहिल्यापासून.

गोष्टीची भूक वेगळी भागवा. त्याच्या वयाची जाड पुस्तकं तुम्ही वाचा किंवा ऑडिओबुक लावा. ते फसवणं नव्हे. शब्दसंपत्ती थांबली तर पुढे वाचता येऊनही समजणार नाही.

मराठी वाचनाची घाई नको, पण भीतीही नको. आपल्याकडे उच्चार बराचसा लिहिल्याप्रमाणे असतो हा मोठा आधार, फक्त वेग उशिरा येतो. खाचखळगे आहेतच: 'कि'ची वेलांटी आधी दिसते आणि 'क' आधी ऐकू येतो, 'सूर्य'मधला 'र' बोलताना 'य'च्या आधी, कागदावर त्याच्या डोक्यावर. शिवाय घ-ध, भ-म. यातली एकेक जोडी आठवडाभर, जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच दिवशी नाहीत.

आणि त्याला आळशी म्हणू देऊ नका, कुणालाही. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या अशाच एका मुलाची हकीकत छापली. त्याचे मास्तर म्हणत, शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता.

– एक बाबा

--------

पुन्हा: पुन्हा: डिस्लेक्सिया निघाला

मध्येच विचारते. रंगीत काचांच्या चष्म्याने अक्षरं 'नाचायची' थांबतात असं ऐकलं. घ्यावा का?

--------

पुन्हा: पुन्हा: डिस्लेक्सिया निघाला

नको. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये एकत्र सांगितलंय की अशा काचांना किंवा डोळ्यांच्या व्यायामांना पुरावा नाही. नजर आणि कान एकदा तपासून घ्यावेत, ते कुणाही मुलाचे घ्यावेतच. 'बी'चं 'डी' होणं लहान वयात पुष्कळ मुलांचं होतं, त्यावरून जीव जाळू नका.

– तोच बाबा

--------

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: डिस्लेक्सिया निघाला

दादा, सहा आठवडे झाले. वाचन अजून संथच आहे, पण रडणं थांबलंय. काल 'फिश'साठी त्याने चार बटणं घेतली, पुटपुटला, आणि एक आपणहून डब्यात परत टाकलं. मी काहीच बोलले नव्हते. मग म्हणाला, "झालं माझं, आता तू वाच, मराठीतलं."

एक विचारायचं राहिलं: जोडाक्षरं काढू का इतक्यात, की वेलांटी पक्की होईपर्यंत थांबू?