एकच आयस्कझी लन तीन सर्व्हरवर: ईएक्सटी४ चालेल की ओसीएफएस२च हवं?

लोडबॅलन्सरमागे विचारतात:

उबुंटूचे तीन वेब सर्व्हर आहेत. अपलोड होणारे फोटो आणि पीडीएफ तिन्हीकडे लगेच दिसायला हवेत, म्हणून दर पाच मिनिटांचं आरसिंक (फाइली कॉपी करून सारख्या ठेवणं) उपयोगाचं नाही. एनएएसवर (नेटवर्कवरचं साठवणयंत्र) २ टीबीचं लन (सर्व्हरला डिस्कसारखा दिसणारा त्यातला भाग) काढलंय, नेटवर्क १ गिगाबिट. तिन्हीकडून आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) लॉगइन होतं, डिस्क दिसते. त्यावर ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम) करून एकावर रीड-राइट आणि दोघांवर रीड-ओन्ली माउंट केलं तर भागेल का? नसेल, तर ओसीएफएस२ला (अनेक सर्व्हरनी एकच डिस्क एकत्र वापरायची क्लस्टर फाइलसिस्टीम) नेमकं काय काय लागतं?

ब्लॉकवाचक:

नाही भागणार, रीड-ओन्ली असलं तरी. ईएक्सटी४ गृहीत धरतं की या डिस्कला हात लावणारा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एकच आहे. रीड-ओन्ली सर्व्हरने एकदा वाचलेली डिरेक्टरी त्याच्या मेमरीत तशीच राहते. पहिल्याने नवी फाइल लिहिली हे त्याला कळवणारं कुणी नाही. शिवाय रीड-ओन्ली माउंट करतानाही ईएक्सटी४ जर्नल (बदलांची नोंदवही) रिप्ले करतं, म्हणजे चालू फाइलसिस्टीमवर खालून लिहितं. दोघांनी रीड-राइट केलं तर दोन्ही कर्नल तेच रिकामे ब्लॉक वेगवेगळ्या फाइलना वाटतात. लगेच काही दिसत नाही, पुढच्या एफएसचेकला (फाइलसिस्टीमची तपासणी) लॉस्ट अँड फाउंड, म्हणजे बेवारस तुकड्यांचा फोल्डर, भरून येतं.

ओसीएफएस२साठी:

आधी तिन्ही सर्व्हरचं आयस्कझी इनिशिएटर नाव (डिस्कशी जोडताना सर्व्हर सांगतो ती ओळख) वेगळं आहे का बघा. एकाच व्हीएमचे क्लोन असतील तर नाव तेच राहतं आणि सेशन एकमेकांना हाकलत राहतात. एनएएसवर त्या टार्गेटला (सर्व्हर ज्याला जोडतात ते टोक) एकापेक्षा जास्त सेशनची परवानगीही द्यावी लागते.

मग तिन्हीकडे ओसीएफएस२-टूल्स पॅकेज. व्हीएमच्या हलक्या कर्नलमध्ये मॉड्यूल सापडलं नाही तर लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा टाका. क्लस्टर.कॉन्फ फाइल तिन्हीकडे अक्षरशः सारखी: प्रत्येक नोडचा (क्लस्टरमधल्या सर्व्हरचा) आयपी, पोर्ट ७७७७, क्रमांक ०, १, २ आणि नाव. नाव होस्टनेमशी तंतोतंत जुळलं पाहिजे. विभागाचं शीर्षक ओळीच्या सुरुवातीला, खालचे पर्याय टॅब देऊन. टॅबऐवजी स्पेस पडली की नोड जोडलाच जात नाही आणि कारण शोधण्यात वेळ जातो.

फॉरमॅट एकाच सर्व्हरवरून, एकदाच. नोड स्लॉट (एकाच वेळी किती सर्व्हर माउंट करू शकतात) ३ऐवजी ४ द्या, म्हणजे उद्या चौथा सर्व्हर आला तर अडणार नाही. छोट्या फाइली भरपूर असतील तर फॉरमॅटचा 'मेल' प्रकार घ्या, त्यात जर्नल मोठं मिळतं. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेली फाइल) _नेटडेव्ह आणि नोएटाइम हे पर्याय. पहिलं विसरलात तर बूट होताना नेटवर्क यायच्या आधीच माउंटचा प्रयत्न होतो.

अपटाइमवाला:

वरचं सगळं बरोबर, पण खरी मेख पुढे आहे.

प्रत्येक नोड दर २ सेकंदांनी डिस्कवर आपला हार्टबीट ('मी चालू आहे' ही खूण) लिहितो. थ्रेशोल्ड मुळात ३१ असतो, म्हणजे (३१ − १) × २ = ६० सेकंद. तेवढ्यात लिहिता आलं नाही की नोड स्वतःलाच रीसेट करतो, कारण लॉक हातात धरून अडकलेला नोड बाकीच्यांचा डेटा बिघडवू शकतो. आता हिशेब करा: एनएएसचं फर्मवेअर अपडेट किंवा स्विचचा रीबूट ६० सेकंदांपेक्षा जास्त चालला तर तिन्ही वेब सर्व्हर एकदमच रीस्टार्ट होतील. आयस्कझीचा स्वतःचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेलं सेशन परत यायची वाट बघण्याची मुदत) १२० सेकंद असतो, त्यामुळे त्याने हार मानायच्या आधीच हे घडतं. थ्रेशोल्ड ६१ केला की १२० सेकंद मिळतात. बदल तिन्हीकडे सारखाच आणि क्लस्टर पूर्ण थांबवून करायचा. एनएएसची देखभाल करायची असेल तर आधी तिन्हीकडून अनमाउंट.

दोनच नोडचा विचार असेल तर आणखी एक. आपसातलं नेटवर्क तुटलं की समसमान फूट पडते आणि कमी क्रमांकाचा नोड जगतो. केबल नोड ०ची निघाली असली तरी रीसेट होतो नोड १! तीन नोडमध्ये बहुमत ठरतं, हा प्रश्न येत नाही.

कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स १ आणि कर्नल.पॅनिक ३० ठेवा, म्हणजे कर्नल बिघडला की नोड ३० सेकंदांत रीबूट होतो. नाहीतर अर्धमेला नोड तसाच लटकतो आणि इतर दोघे त्याच्या लॉकची वाट बघत बसतात.

एकाच फोल्डरमध्ये तिन्ही सर्व्हर फाइली तयार करत असतील तर त्या फोल्डरचं लॉक सतत इकडून तिकडे फिरतं. प्रत्येक सर्व्हरला लिहायला वेगळा उपफोल्डर द्या, वाचायला सगळे सगळीकडे. पीएचपीची सेशन इथे अजिबात नकोत, ती रेडिसमध्ये (मेमरीतला डेटाबेस).

लोडबॅलन्सरमागे:

आभार. एनएएस एनएफएसही (डिस्कऐवजी थेट फाइली नेटवर्कवरून वाटणं) देतो. मग ओसीएफएस२चा फायदा काय?

ब्लॉकवाचक:

तुमच्या कामात, खरं सांगायचं तर, काही नाही. एनएएस बंद पडला तर दोन्हीकडे काम थांबणारच. फरक एवढाच की एनएफएसवर प्रोसेस अडकून राहतात आणि एनएएस परत आला की पुढे चालू लागतात; सर्व्हर रीसेट होत नाहीत. आवृत्ती ४.१, माउंट हार्डच ठेवा. सॉफ्टमध्ये टाइमआउट झाला की लिहिण्यात एरर येते आणि बरेच अ‍ॅप्लिकेशन ती तपासत नाहीत, अर्धवट पीडीएफ राहते.

'लगेच दिसायला हवं' या अटीसाठी लुकअपकॅशे=पॉझिटिव्ह हा पर्याय घाला. नाहीतर दुसऱ्या सर्व्हरने अपलोडच्या आधी तीच फाइल शोधली असेल तर 'नाही' हे उत्तर तो लक्षात ठेवतो, आणि फाइल येऊनही अर्धा-एक मिनिट ४०४ देऊ शकतो.

एनएएसचं एकटेपण (तो बंद तर सगळं बंद) घालवायचं असेल तरच ग्लस्टर (सर्व्हरच्याच डिस्कवर डेटाच्या प्रती ठेवणारी फाइलसिस्टीम): दोन सर्व्हरवर डेटा, तिसरा आर्बिटर, ज्यात फक्त नावं आणि मेटाडेटा असतो. नुसत्या दोन प्रती ठेवल्या तर स्प्लिट-ब्रेन (दोन प्रती वेगळ्या होऊन खरी कोणती ते न कळणं) ठरलेलाच. पण तिथे क्लायंट स्वतः दोन्हीकडे लिहितो, म्हणून गिगाबिटवर सुमारे ११० एमबी प्रति सेकंदाचे ५५ उरतात, आणि छोट्या फाइलींना त्याहून कमी. ब्रिक (ग्लस्टर डेटा ठेवतो तो फोल्डर) म्हणून माउंट पॉइंट थेट देऊ नका, त्यातला उपफोल्डर द्या. डिस्क माउंट झाली नाही तर उपफोल्डरच सापडत नाही आणि ब्रिक सुरू होत नाही. नाहीतर सगळा डेटा गुपचूप रूट पार्टिशनवर साठत जातो.